पंधराव्या मिनिटाची कंबर

पहिली पंधरा मिनिटं काहीच व्हायचं नाही. तेव्हा मी घड्याळ बघून चालायचे, म्हणून आकडा नेमका आठवतो. पंधराव्या-सोळाव्या मिनिटाला कमरेच्या अगदी खालच्या भागात, पट्टा बसतो त्याच्याही दोन बोटं खाली, काहीतरी भरून यायला लागायचं. कळ नाही, चमक नाही, नुसतं जड आणि घट्ट, आतून कुणी मूठ आवळत न्यावी तसं. विसाव्या मिनिटाला ती मूठ इतकी घट्ट व्हायची की थांबून, पुढे वाकून, दोन्ही हात गुडघ्यांवर टेकावे लागायचे. मिनिटभर तसं राहिलं की सुटायचं. पुन्हा चालायला लागले की या खेपेला पाचव्याच मिनिटाला परत.

बसून कंबर दुखते हे मला कळत होतं. दिवसाचे आठ-नऊ तास मी खुर्चीत असते, तिथे दुखली तर त्यात नवल नाही. पण कंबर दुखते म्हणून ज्याला त्याला विचारावं तर प्रत्येक जण म्हणायचा, चालत जा, चालण्यासारखा व्यायाम नाही. आणि मला नेमकं तेच जमत नव्हतं. औषधानेच आजार वाढावा असं काहीतरी वाटायचं, आणि हे कुणाला सांगायला गेलं की समोरचा म्हणायचा, "ताठ चालत नसशील."

हा शब्द माझ्या ओळखीचा होता. लहानपणापासून बाबांचं एकच पालुपद: पोक काढू नकोस, छाती पुढे, खांदे मागे. त्यांच्या सांगण्यात माया होती, आणि ते स्वतः तसेच चालायचे. म्हणून मी ठरवलं की चूक माझीच आहे, आता ताठ चालायचं. घराबाहेर पडताना श्वास भरून छाती वर उचलायची, खांद्याची पाती एकमेकींकडे ओढायची, हनुवटी वर. तीन आठवडे मी हे इमानदारीने केलं. पंधरावं मिनिट आधी दहाव्यावर आलं, मग आठव्यावर.

एमआरआय झाला तो त्याच काळात. अहवालात कमरेतल्या एल-४ आणि एल-५ या मणक्यांमधली गादी थोडी फुगल्याचं लिहिलं होतं, शिवाय गाद्यांमधलं पाणी कमी झाल्याचंही. तो कागद वाचून मी दोन रात्री नीट झोपले नाही. आपल्या कण्यात काहीतरी तुटलंय आणि प्रत्येक पावलाला ते आणखी तुटतंय, असं चित्र डोळ्यांसमोरून हलेना. अस्थिरोगतज्ज्ञांनी पाय उचलून बघितले, अंगठ्याची ताकद बघितली, टाचेवर आणि चवड्यावर चालायला लावलं, बधिरपणा कुठे आहे का विचारलं, लघवी-शौचावरचा ताबा व्यवस्थित आहे ना ते विचारलं. मग म्हणाले, की यातलं काहीही बिघडलेलं असतं, विशेषतः मांड्यांच्या आतल्या भागात बधिरपणा किंवा लघवीवरचा ताबा गेलेला असता, तर मी तुम्हाला घरी जाऊच दिलं नसतं. तसं काही नाही. अहवालात लिहिलंय ते तुमच्या वयाच्या, काहीही न दुखणाऱ्या माणसांच्या चित्रांतही दिसतं.

हे त्यांनी समजूत काढायला म्हटलं असेल असं मला वाटलं होतं. नंतर वाचलं तेव्हा कळलं, ते अगदी खरं होतं. पाठीची कसलीच तक्रार नसलेल्या माणसांच्या तपासण्या एकत्र करून २०१५ साली एक मोठा आढावा प्रसिद्ध झाला. त्यात विशीतल्या ३७ टक्के लोकांच्या गाद्या झिजलेल्या दिसल्या आणि ऐंशीच्या घरातल्या ९६ टक्के लोकांच्या. गादी फुगलेली असण्याचं प्रमाण विशीतच ३० टक्के होतं. दुखत नसलेल्यांमध्ये! अहवाल हातात पडतो तेव्हाच हे आकडे कुणीतरी शेजारी लिहून द्यायला हवेत, असं मला मनापासून वाटतं. माझ्या त्या दोन रात्री वाचल्या असत्या.

त्यांनीच मला फिजिओथेरपिस्टकडे पाठवलं.

तिथे गेल्यावर टेबलावर झोपवतील, शेक देतील अशी माझी अपेक्षा. मॅडमनी मला नुसतं चालायला सांगितलं. खोलीबाहेरच्या लांब बोळातून जायचं, वळायचं, परत यायचं. एकदा समोरून बघितलं, एकदा मागून, एकदा बाजूने. मी अर्थातच माझं कमावलेलं ताठ चालणं दाखवत होते. चौथ्या फेरीला त्या म्हणाल्या, "तुम्ही चालत नाही आहात. तुम्ही कंबर धरून उभ्या आहात आणि पाय तेवढे पुढे टाकताय."

मग त्यांनी जे करायला लावलं, ते मी आजही करते आणि भेटेल त्याला करायला सांगते. उभं राहायचं. दोन्ही हातांचे अंगठे पाठीमागे न्यायचे, कण्याच्या दोन्ही बाजूंना, कमरेच्या खोलगट भागात जे दोन उभे स्नायू लागतात त्यांच्यावर ठेवायचे, हलकेच दाबायचं. मी दाबलं तर अंगठ्याखाली लाकडाच्या दोन दांड्या असाव्यात तसं लागलं.

"आता छाती खाली सोडा. वाकू नका, फक्त फासळ्या खाली येऊ द्या. श्वास सोडा."

सोडला. अंगठा आत गेला. तोच स्नायू, तीच जागा, आणि कणीक दाबावी तसा अंगठा आत! मी पुन्हा छाती उचलली, दांडी परत आली. सोडली, गेली. मग त्यांनी मान पुढे काढून, फोन बघतो तसं उभं राहायला लावलं. पुन्हा दांडी. मान मागे आणली, मऊ. वरचं धड किंचित पुढे झुकवलं, दांडी. मागे झुकवलं, आधी मऊ आणि मग कमरेच्या सांध्यांत ती ओळखीची मूठ.

त्या दहा मिनिटांत माझ्या कमरेबद्दल जेवढं कळलं तेवढं आधीच्या वर्षभरात कळलं नव्हतं. डोकं, हात आणि धड मिळून शरीराचं जवळपास दोन तृतीयांश वजन खुब्यांच्या वर असतं. ते ओटीपोटाच्या हाडांवर नीट रचलेलं असेल, तर कमरेच्या स्नायूंना फक्त तोल सांभाळायचं काम उरतं. ते वजन पुढे सरकलं, मग डोक्यामुळे का असेना, की पडू नये म्हणून मागचे स्नायू खेचून धरतात. आणि छाती मुद्दाम वर उचलली की तेच स्नायू कमरेची कमान आवळून धरतात. म्हणजे पोक काढून चालणारा आणि माझ्यासारखी छाती काढून चालणारी, दोघांच्याही कमरेत तेच स्नायू राबत असतात. फरक इतकाच की पोक काढणाऱ्याच्या गाद्यांवर पुढून जास्त दाब येतो आणि माझ्यासारखीच्या मणक्यांमागच्या छोट्या सांध्यांवर.

"दुखायला लागल्यावर तुम्ही काय करता?" मॅडमनी विचारलं होतं.

"पुढे वाकते."

"म्हणजे तुमची कंबर तुम्हाला सांगत होती की कमान जास्त होतेय. तुम्ही तिला आणखी ताठ करत होतात."

इथे थोडं थांबून एक पाऊल म्हणजे काय ते लिहिते, कारण माझं सगळं दुखणं त्यातच होतं आणि मला ते कुणी आधी सांगितलं नव्हतं.

एक पाय पुढे टेकतो तेव्हा दुसरा मागे राहिलेला असतो. आपलं सगळं लक्ष पुढच्या पायाकडे असतं. पण कमरेच्या दृष्टीने महत्त्वाचा तो मागचा पाय. पाऊल जमिनीवरून सुटण्याआधी ती मांडी खुब्याच्या सांध्यात सरळ रेषेच्याही मागे जायला हवी, साधारण १० ते २० अंश. खुब्याच्या पुढच्या बाजूने एक लांब स्नायू जातो. त्याचं एक टोक मांडीच्या हाडाला, आतल्या बाजूला, आणि दुसरं थेट कमरेच्या मणक्यांना आणि गाद्यांना चिकटलेलं. हा स्नायू आखडलेला असला किंवा खुब्याचा सांधा पुढून घट्ट असला, तर मांडी मागे जायला तयार होत नाही. पण पाऊल तर पूर्ण व्हायलाच हवं. मग शरीर ती कसर कमरेतून भरून काढतं. ओटीपोट पुढे कलतं आणि कमान वाढते. प्रत्येक पावलाला, दोन्हीकडून. मिनिटाला शंभर पावलं धरली तर पंधरा मिनिटांत दीड हजार वेळा.

दीड हजार. माझं पंधरावं मिनिट कुठून येत होतं ते मला तेव्हा उमगलं. एका पावलाने काहीच होत नव्हतं, शंभरांनीही नाही. हिशेब साचत जाऊन त्या सुमाराला भरत होता, इतकंच.

हे माझ्या बाबतीत खरं आहे की नाही ते त्यांनी टेबलावर दाखवलं. टेबलाच्या कडेला बसून मागे आडवं व्हायचं, एक गुडघा दोन्ही हातांनी छातीशी धरायचा आणि दुसरी मांडी टेबलाच्या कडेवरून मोकळी सोडायची. एकोणिसाव्या शतकातल्या ह्यू ओवेन थॉमस या शल्यचिकित्सकाच्या नावाने ही तपासणी ओळखली जाते. सोडलेली मांडी टेबलाला टेकायला हवी. माझी उजवी मांडी चार बोटं वर, हवेत अधांतरी राहिली. डावी टेकल्यासारखी झाली. उजवी खाली दाबायचा प्रयत्न केला की लगेच कंबर टेबलावरून उचलली जायची. चालताना जे होत होतं तेच, फक्त आडवं.

घरी आल्यावर मुलीला सांगितलं, मला बाजूने चालताना फोनवर चित्रित कर. गडद रंगाचा कमरपट्टा बांधला, म्हणजे ओटीपोट कसं कलतंय ते रेषेसारखं दिसावं. एकेक चित्र थांबवून आम्ही दोघींनी बघितलं. उजवा पाय मागे असताना पट्ट्याची रेषा पुढून खाली झुकत होती, डावा मागे असताना त्याच्या निम्मीही नाही. मुलगी म्हणाली, "आई, तुझे हातपण हलत नाहीयेत." ते माझ्या लक्षातही आलं नव्हतं. छाती धरून ठेवली की हातही धरले जातात. उजव्या हातात फोन, डाव्या खांद्यावर पिशवी, मग हलणार कुठून!

हातांचं हे प्रकरण मला क्षुल्लक वाटलं होतं, ते तसं नाही. चालताना उजवा पाय पुढे जातो तेव्हा ओटीपोट थोडं डावीकडे वळतं, आणि छाती त्याच्या उलट. हे पीळ भरणं आणि सुटणं पावलागणिक होत असतं, आणि हात त्याला साथ देतात. पाठीतला रुंद स्नायू, कमरेवरचं मजबूत आवरण आणि विरुद्ध बाजूच्या नितंबाचा मोठा स्नायू, हे सगळं तिरक्या पट्ट्यासारखं एकमेकांत गुंफलेलं असतं. हात धरून ठेवले की तो पट्टा हलायचा थांबतो आणि कमरेचे स्नायू एकाच ताणात राहतात. कॅनडातल्या वॉटर्लू विद्यापीठातल्या संशोधकांनी १९९९ साली चालताना कमरेवर येणारा भार मोजून दाखवला. रेंगाळत चालण्यात आणि हात न हलवता चालण्यात भार जवळपास स्थिर राहतो. भरभर, हात मोकळे सोडून चाललं की तो वाढतो-कमी होतो, वाढतो-कमी होतो, आणि ऊतींना मधे मधे मोकळीक मिळते.

त्यावरून मला उलगडलं की बाजारात किंवा प्रदर्शनात रेंगाळत फिरताना माझी कंबर रस्त्यावर चालण्यापेक्षा लवकर का धरते. मी आतापर्यंत समजायचे, दुखतंय म्हणून हळू चालावं. कमरेच्या दुखण्यात हळू चालणं हीच पुष्कळदा शिक्षा असते.

त्याच वर्षी, १९९९ साली, आणखी एक मोजणी प्रसिद्ध झाली होती. जर्मनीतल्या हान्स-योआखिम विल्के आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एका निरोगी स्वयंसेवकाच्या एल-४ आणि एल-५ मधल्या गादीत दाब मोजणारा संवेदक बसवला होता. आडवं झोपल्यावर सुमारे ०.१ मेगापास्कल, आरामात उभं राहिल्यावर ०.५, पुढे वाकून उभं राहिल्यावर १.१. आणि चालताना? ०.५३ ते ०.६५. म्हणजे उभं राहण्यापेक्षा किंचित जास्त, इतकंच. एकाच माणसाची मोजणी आहे, हे खरं. पण ज्या गादीच्या नावाने माझी झोप उडाली होती, नेमकी तीच गादी, आणि चालण्याने तिच्यावर काही डोंगर कोसळत नाही, हे आकड्यांत बघून माझ्या मनावरचं एक ओझं खरोखर उतरलं.

मध्यंतरी एका ठिकाणी, फिजिओथेरपी सुरू होण्याआधी, मला सांगण्यात आलं होतं की तुमचा मणका सरकलाय, तो बसवून देतो, आणि हा पट्टा कायम बांधा. मी घाबरून पट्टा घेतलाही. तो बांधून चालले की पहिले दोन दिवस बरं वाटलं, आणि चौथ्या दिवसापासून पट्ट्याशिवाय उभं राहायचीच भीती वाटू लागली. माझा मणका कधीही सरकलेला नव्हता. एमआरआयमध्ये तसं काहीच नव्हतं. ज्याला आधीच भीती बसली आहे त्याला आणखी घाबरवणं हे मला आजही माफ करता येत नाही.

व्यायाम फार नव्हते. एक गुडघा जमिनीवर टेकून, दुसरा पाय पुढे घेऊन खुब्याची पुढची बाजू ताणायची. यात मी सुरुवातीला नेहमीची चूक केली. शरीर पुढे ढकललं, की कमान वाढते आणि ताण खुब्याला न बसता कमरेलाच बसतो. मॅडमनी सांगितलं, पुढे जाऊच नका. नितंब आवळा, माकडहाड आत घ्या, तेवढंच. आणि खरोखर, इंचभरही न हलता जांघेत असा ताण बसला की तोंडातून आवाज निघाला. दुसरा व्यायाम पाठीवर झोपून, गुडघे दुमडून नितंब उचलण्याचा. तिसरा एका पायावर उभं राहण्याचा, आरशासमोर, ओटीपोट एका बाजूला झुकू न देता. उजव्या पायावर उभी राहिले की माझी डावी बाजू खाली जायची. चालताना निम्म्याहून जास्त वेळ आपण एकाच पायावर उभे असतो, हे तोवर माझ्या मनातही आलं नव्हतं. तेवढ्या वेळात खुब्याच्या बाहेरच्या बाजूचा स्नायू ओटीपोट समतल धरतो. तो थकला की वजन सावरायला कमरेला एका बाजूला वाकावं लागतं. माझ्या उजव्या चपलेची टाच बाहेरून जास्त झिजलेली होती. ते मी वर्षानुवर्षं बघत होते आणि चपलेलाच दोष देत होते.

चालण्यात बदल करायचा होता तो इतकाच: पावलं थोडी आखूड, गती थोडी जास्त, फासळ्या मोकळ्या, हात मोकळे. डोक्याचा माथा वर जातोय असं समजायचं, छाती वर जातेय असं नाही. "मागचा पाय थोडा वेळ मागे राहू द्या," हे मॅडमचं वाक्य मला सगळ्यात उपयोगी पडलं. आपण पुढचं पाऊल टाकायची घाई करतो, आणि मागच्या पायाने जमीन ढकलायचं राहूनच जातं. ढकललं की नितंबाचा स्नायू काम करतो, आणि कमरेचं ओझं तेवढं हलकं होतं. वेळ मात्र मोजून दिली होती. पहिला आठवडा फक्त आठ मिनिटं, दिवसातून तीनदा. मूठ आवळायच्या आत थांबायचं. मग दर आठवड्याला दोन मिनिटं वाढवायची.

इतकं सोपं असूनही पहिले दहा दिवस माझं चालणं बिघडलं. प्रत्येक पावलाचा विचार करत चालले की चालणं कसं लाकडी होतं ते मी अनुभवलं. हाताकडे लक्ष दिलं की पाय अडखळायचे, पायाकडे दिलं की छाती वर. मॅडमनी उपाय सांगितला. एका फेरीत एकाच गोष्टीकडे लक्ष, तेही पहिलं एक मिनिट. बाकीचा वेळ आजूबाजूला बघत चालायचं. शरीराला पटलं की ते आपोआप धरतं.

त्या दवाखान्याच्या बाकावर मला एक काका भेटायचे, सत्तरी ओलांडलेले. त्यांची गोष्ट सांगितल्याशिवाय हे अपुरं राहील. ते म्हणायचे, "मी सरळ पाच मिनिटं चालू शकत नाही, पिंढऱ्या भरून येतात, पाय जड होतात. पण ढकलगाडी पुढ्यात धरून, तिच्यावर ओणवा होऊन अर्धा तास चालतो." मी माझ्या नव्या ज्ञानाच्या भरात त्यांना म्हटलं, काका, पुढे झुकून चालू नका, गाद्यांवर दाब येतो. मॅडमनी ते ऐकलं आणि मला बाजूला घेऊन समजावलं. काकांच्या कण्यातली, मज्जातंतू जातात ती पोकळी अरुंद झालेली होती. सरळ किंवा मागे झुकलं की ती आणखी अरुंद होते, पुढे झुकलं की मोकळी होते. त्यांच्यासाठी ओणवं होणं हेच औषध होतं, निदान तोवर तरी. मला फार अवघडल्यासारखं झालं. जो सल्ला मला कुणीतरी न बघता दिला होता, "ताठ चाल", तोच मी न बघता दुसऱ्याला देत होते. मी जाऊन काकांची माफी मागितली. ते म्हणाले, "अहो, मला घरचेसुद्धा रोज हेच सांगतात."

कमरेची कमान सगळ्यांची सारखी नसते, आणि मोठी कमान असलेल्या पुष्कळांना आयुष्यभर काही होत नाही, हेही मी तिथेच शिकले. सगळ्यांना लागू पडेल असा एकच योग्य कोन काढून कुणी देऊ शकत नाही. माझं दुखणं कमानीच्या मापात नव्हतं. ती कमान धरून ठेवण्यात होतं, आणि खुबा हलायला तयार नसल्यामुळे तिच्यावर पडणाऱ्या ओझ्यात होतं. दुसऱ्या कुणाचं दुखणं दुसऱ्याच कशात असेल. म्हणून हे वाचून कुणी थेट माझ्यासारखं चालायला लागू नये. अंगठे लावून बघावं, आणि चालणं कळणाऱ्या कुणाकडून तरी स्वतःचं चालणं बघून घ्यावं.

सातव्या आठवड्यात मी घसरले. बरं वाटतंय म्हणून एका सुट्टीच्या दिवशी चढउताराच्या लांब रस्त्याने तासभर चालले. चढाला काही झालं नाही, चढावर शरीर आपसूक घोट्यातून पुढे झुकतं. उताराला मात्र मी प्रत्येक पावलाला मागे रेलत, टाचेवर धक्का घेत उतरले. दुसऱ्या दिवशी उसण भरल्यासारखी कंबर. मोजे घालायला खाली वाकता येईना. आपलं सगळं पाण्यात गेलं असं वाटून मी अंथरुणावरच बसून राहिले. मॅडमना फोन केला तर त्या शांतपणे म्हणाल्या, "झोपून राहू नका. आज पाच-पाच मिनिटं चाला, घरातल्या घरात. उद्या आठ." तीन दिवसांत परत पहिल्यासारखी झाले. आधीच्या काळात अशी उसण मला पंधरा दिवस पुरायची, कारण मी तेवढे दिवस हलायचेच नाही. उतारावर पावलं एकदम छोटी ठेवायची आणि गुडघे किंचित सैल, हे मी त्यानंतर शिकले.

जागतिक आरोग्य संघटनेच्या मते २०२० साली जगात ६१ कोटी ९० लाख लोकांना कंबरदुखी होती. एवढ्या सगळ्यांना दिलासा वाटावा अशी एक गोष्ट ऑस्ट्रेलियातल्या मॅक्वारी विद्यापीठाच्या अभ्यासातून पुढे आली. २०२४ साली 'द लॅन्सेट'मध्ये ती प्रसिद्ध झाली. कंबरदुखीतून नुकत्याच बऱ्या झालेल्या ७०१ जणांपैकी निम्म्यांना फिजिओथेरपिस्टच्या सल्ल्याने हळूहळू वाढवत नेणारं चालणं आणि कंबरदुखीबद्दलची समज दिली, बाकीच्यांना काही दिलं नाही. न चालणाऱ्यांपैकी निम्म्यांचं दुखणं ११२ दिवसांत उलटलं, चालणाऱ्यांपैकी निम्म्यांचं २०८ दिवसांत. म्हणजे "चालत जा" म्हणणारे सगळे बरोबरच होते. त्यांच्या सल्ल्यात 'किती', 'कसं' आणि 'कुणी बघून' एवढंच राहिलं होतं.

आता मला पाऊण तास चालता येतं. फोन खिशात, पिशवी दोन्ही खांद्यांवर. चाळिसाव्या मिनिटाच्या आसपास कधीकधी ती मूठ आवळायला येते, विशेषतः दिवसभर बसून काम झालेलं असलं की. तेव्हा मी श्वास सोडते, फासळ्या खाली येऊ देते, वेग थोडा वाढवते. बहुतेक वेळा जाते. उभं राहणं अजून जमलेलं नाही. रांगेत दहा मिनिटं उभी राहिले की कंबर भरते, आणि तिथे मला एक पाय कशावर तरी, पायरीवर नाहीतर पिशवीवर, टेकवून उभं राहावं लागतं. त्याचं काय करायचं ते मॅडमबरोबर आता सुरू आहे.

गेल्या आठवड्यात मुलीने पुन्हा चित्रित केलं. तोच पट्टा, तोच रस्ता. उजवा पाय मागे असताना चित्र थांबवलं. रेषा अजून किंचित पुढे कलते. डाव्याएवढी समतल झालेली नाही. पण टाच उचललेली दिसते, मांडी मागे गेलेली दिसते, आणि डावा हात पुढे आलेला. मुलीने जुनं आणि नवं चित्र शेजारी शेजारी ठेवलं आणि म्हणाली, "आई, आधीच्यात तू कुणीतरी बघतंय म्हणून चालल्यासारखी दिसतेस."

बाबांना मी दोन्ही दाखवली. त्यांनी चष्मा लावून बराच वेळ बघितलं. मग उठले, आपले अंगठे कमरेला लावले आणि मला म्हणाले, "हे असं का? जरा दाखव बघू कुठे दाबायचं."